मुक्कामी एसटीचा रस्ता

पुण्यातून सायकलवर बाहेर पडायचं तर पहाटे साडेचारला निघावं. पाचला निघालेला माणूस सिंहगड रस्त्यावर दुधाच्या टेम्पोंत सापडतो, साडेपाचला निघालेला खडकवासल्यापर्यंत कंपन्यांच्या बसमागे धूर खात जातो आणि सहाला निघणाऱ्याने सरळ घरी परत जाऊन झोपावं. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, एका मंगळवारी, मी आणि माझा भाचा बरोबर साडेचारला राजाराम पुलापाशी भेटलो. मंगळवार मुद्दाम निवडलेला. शनिवार-रविवारीही पुण्याच्या पश्चिमेला डोंगर असतात, पण ते दिसत नाहीत. पुढच्या गाडीची डिकी दिसते.

भाचा सव्वीस वर्षांचा. त्याची सायकल कार्बनची, दोन बोटांनी उचलावी अशी. माझी स्टीलची, मागे कॅरिअर, कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना पॅनिअर, हँडलला पुढे एक पिशवी. त्याने माझ्या सायकलीभोवती एक प्रदक्षिणा घातली.

“मामा, हे सगळं घेऊन घाट चढणार तू?”

“चढणार कसलं, ढकलणार. पण पोहोचणार.”

मग त्याने आपले कपडे, चार्जर आणि चपला माझ्याच पॅनिअरमध्ये कोंबल्या, कारण त्याच्या सायकलीला कॅरिअर लावायला जागाच नव्हती.

ही सहल ठरली एका वादातून. मी गेली पंचवीस वर्षं या डोंगरांत शांत रस्ते शोधत हिंडतो. भाचा एका कंपनीत आकडेमोडीचं काम करतो. तो म्हणाला, “शांत, शांत म्हणतोस, पण शांत म्हणजे किती?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हा त्यानेच नियम केला. प्रत्येक रस्त्यावर एक तास मोजायचं. इंजिन असलेलं जे काही मागून येईल किंवा समोरून येईल ते धरायचं. बैलगाडी, म्हशी आणि सायकली सोडून द्यायच्या. नोंदींसाठी त्याने एक खिशात मावणारी डायरीही आणली होती. मोबाइलवर का नाही, असं विचारलं तर म्हणाला, घामाच्या बोटांनी स्क्रीन चालत नाही. पोरगा अगदीच वाया गेलेला नव्हता.

सिंहगड रस्त्यावर त्याने पहिल्या दहा मिनिटांतच मोजणी सोडली. अंधारातही आकडा शंभराच्या पुढे गेला. मला त्या रस्त्यावर नेहमी माझे शाळेचे दिवस आठवतात. पुण्याला सायकलींचं शहर म्हणत, आणि ते कुणाला खोटं वाटत नसे. सायकलची दुकानं तासाच्या भाड्याने सायकल देत. डबलसीट पकडलं की पोलीस चाकातली हवा सोडत आणि संध्याकाळी दिवा नसेल तर थांबवत. तेव्हा सायकल घेऊन शांतता शोधायला बाहेर जावं लागत नव्हतं. ती लकडी पुलावरही मिळत होती.

खडकवासल्याला उजाडू लागलं. धरणाची भिंत १८७९ साली पुरी झाली. पाणी एका पातळीला आलं की आपोआप उघडणारे दरवाजे विश्वेश्वरय्यांनी आखले, ते १९०३ साली पहिल्यांदा इथेच बसले. आणि १२ जुलै १९६१ला वरचं पानशेत फुटलं तेव्हा त्या लोंढ्यापुढे हीच भिंत टिकली नाही. हे सगळं भाच्याला सांगेपर्यंत आम्ही डोणजे फाटा मागे टाकला होता. सिंहगडाकडे वळणाऱ्या गाड्या तिथे वळल्या आणि रस्ता जरा सैल झाला. खानापूरला चहा घेतला. पानशेतची वाहतूक इथून सरळ जाते. आम्ही डावीकडे वळलो. खानापूर–रांजणे–पाबे–वेल्हे असा हा रस्ता. सायकलवाले त्याला नुसतं ‘पाबे’ म्हणतात, तेसुद्धा जरा आवाज खाली आणून.

पाबे घाट लांबीला मोठा नाही, पण तो दमवतो. सुरुवातीला तो गोड बोलतो. भातखाचरं, एखादी वस्ती, आंब्याची झाडं. मग शेवटच्या टप्प्यात उभं वळण घेतो आणि पुन्हा एक घेतो. मी सर्वांत खालच्या गिअरवर आलो. त्यापुढे गिअर नसतो, फक्त स्वभाव असतो. भाचा पुढे निघून गेला आणि वळणावर जाऊन माझी वाट पाहत उभा राहिला. रोहिणी नक्षत्र लागलं होतं, पण आभाळात ढगाचा पत्ता नव्हता. साडेसातलाच पाठीवर ऊन बसलं होतं. करवंदांच्या जाळ्या काळ्या झाल्या होत्या. मी दर अर्ध्या किलोमीटरला करवंदं खायला थांबलो. दम लागला म्हणून थांबलो असं मी कधीच म्हणत नाही.

खिंडीत पोहोचलं की एकदम समोर डावीकडे राजगड आणि उजवीकडे तोरणा उभे राहतात. सगळी चढण याच्यासाठी केलेली असते. शिवाजी महाराजांनी अगदी सुरुवातीला घेतलेल्या गडांपैकी हा तोरणा, आणि राजगड पंचवीसेक वर्षं स्वराज्याची राजधानी होता. भाच्याने डायरी उघडली. घाटातल्या तासाभरात चौदा गाड्या. त्यांतल्या नऊ मोटारसायकली.

“चौदा म्हणजे शांत का?” त्याने विचारलं.

“अजून नाही,” मी म्हणालो. “थांब.”

खिंडीत बसून मी त्याला या डोंगरांची मांडणी दाखवली, कारण इथले शांत रस्ते त्या मांडणीतूनच निघतात. सह्याद्रीची मुख्य धार उत्तर-दक्षिण जाते. तिच्यापासून पूर्वेकडे हाताच्या बोटांसारख्या डोंगररांगा सुटतात आणि दर दोन बोटांच्या बेचक्यातून एक नदी वाहते : मुठा, मोसे, आंबी, कानंदी, गुंजवणी, वेळवंडी, नीरा. नदीच्या दोन्ही काठांचा मुलूख म्हणजे खोरं किंवा मावळ. मुठे खोरं, मोसे खोरं, कानद खोरं, गुंजण मावळ, वेळवंड खोरं, हिरडस मावळ ही नावं आपण इतिहासाच्या पुस्तकात पाठ केली. सायकलवाल्याला तीच नकाशा म्हणून वापरता येतात. खोऱ्यातून नदीच्या उगमाकडे जाणारा रस्ता चढतो, पण बेताने. एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जायचं तर बोट ओलांडावं लागतं, म्हणजे खिंड चढावी लागते. पाबे ही अशीच एक खिंड.

आता वाहतूक कुठे जाते पाहा. पुण्याच्या बाजूने मोटारीने कोकणात उतरायला खंडाळ्याचा बोरघाट, ताम्हिणी आणि वरंध असे मोजकेच घाट आहेत. ज्या खोऱ्यांत हे घाट आहेत तिथे ट्रक आहेत, ढाबे आहेत आणि वडापावची रांग आहे. बाकीची खोरी पश्चिमेला कड्यापाशी जाऊन संपतात. रस्ता शेवटच्या वाडीपर्यंत जातो आणि थांबतो. ज्या रस्त्याला पुढे जायला जागा नाही त्यावर फक्त तिथलाच माणूस येतो. एवढंच काय ते गुपित.

माझी एक जुनी खूण आहे, ती मी भाच्याला सांगितली. एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीपाशी जायचं आणि विचारायचं, या तालुक्यात मुक्कामी गाड्या कुठे जातात? संध्याकाळी जाऊन रात्री गावात उभी राहणारी आणि सकाळी परत येणारी ती मुक्कामी. जिथे एसटी मुक्कामाला असते तिथे रस्ता संपतो आणि शांतता सुरू होते. या एका प्रश्नावर मी पानशेतच्या पलीकडचं घोळ पाहिलं, देवघर धरणामागचं हिर्डोशी पाहिलं. कोळवणहून हडशीमार्गे तिकोन्याकडे जाणारा रस्ता मुक्कामीचा नव्हे, पण आठवड्याच्या मधल्या दिवशी तोही सायकलवाल्याला निराश करत नाही.

“खूण चांगली आहे,” भाचा म्हणाला आणि डायरीत लिहून घेतली.

पाबे गावाकडे उतार सुटला तो वेल्ह्यापर्यंत जवळजवळ फुकट. वेल्हे हा पुणे जिल्ह्यातला सर्वांत कमी लोकसंख्येचा तालुका. सरकारी कागदावर आता त्याचं नाव राजगड झालं आहे, पण दुकानाच्या पाटीवर आणि माणसांच्या तोंडी अजून वेल्हेच. दुपारी तिथल्या एका खानावळीत जेवलो आणि ऊन उतरेपर्यंत देवळाच्या ओसरीवर आडवे झालो. चार वाजता भट्टी, पासली करत केळदकडे निघालो.

हा रस्ता मला या सगळ्या परिसरात सर्वांत आवडतो. तोरणा हळूहळू मागे सरकतो. खाचरांत राब भाजून झालेले होते. काळ्या राखेचे चौकोन आणि त्यांना अजून धरून राहिलेला धुराचा वास. रोपं टाकायला आता फक्त पाऊस यायचा बाकी. म्हशी रस्त्याच्या मधोमध बसलेल्या. त्यांना उठायची सवय नव्हती, कारण त्यांना उठवणारं कुणी फारसं येत नाही. भाच्याने त्यांना वळसा घातला आणि घंटीही वाजवली नाही. वाटेत एक खिंड चढलो. तासाभरात पाच गाड्या.

“पाच!” तो म्हणाला. “मामा, आता मान्य.”

केळदच्या पुढे मढे घाटाच्या कड्यावर जमीन संपते. खाली कोकण. पावसाळ्यात इथे धबधबा असतो आणि धबधब्याएवढीच गर्दी असते. मे महिन्यात कड्यावर आम्ही दोघे आणि एक गुराखी. सिंहगड घेताना पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह याच घाटाने खाली उमरठला नेला, असं इथले लोक सांगतात. सांगताना हात घाटाकडे करतात आणि थोडा वेळ तसाच धरून ठेवतात. घाटाची ही वाट पायांची आहे, चाकांची नाही. मी सायकल कड्यापासून दूर झाडाला टेकवून ठेवली आणि वाऱ्यात बसून राहिलो.

रात्री एका घरी उतरलो. तांदळाची भाकरी, पिठलं, कैरीचा तक्कू. जेवण झाल्यावर ताईंनी दिवा मालवायला सांगितला, “बाहेर बघा.” ओढ्याकाठच्या झाडांवर काजवे लागले होते. सगळं झाड एकदम उजळे, एकदम विझे, जणू कुणी आतून श्वास घेत होतं. भाचा अर्धा तास बोलला नाही. मग म्हणाला, “इथे राहायला काय मजा आहे!” ताई भांडी घासत होत्या. त्या म्हणाल्या, “माझी दोन्ही पोरं पुण्यात आहेत.” एवढंच म्हणाल्या. मी ते ऐकलं, त्याने बहुधा ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवसाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वेल्ह्याला परत येऊन विंझर, मार्गासनीवरून गुंजवणीच्या काठाने नसरापूर गाठलं. बनेश्वरच्या गर्द झाडीत दुपार काढली. मग कापूरहोळपर्यंत बंगळूर महामार्गाला लागावंच लागतं. अंतर थोडं, पण त्या थोड्या अंतरात आम्ही दोघेही म्हातारे झालो. शेजारून ट्रक गेला की सायकल त्याच्याकडे ओढली जाते आणि पुढच्याच क्षणी बाहेर फेकली जाते. भाच्याने डायरी खिशातून काढलीच नाही. कापूरहोळला भोरच्या रस्त्याला वळलो तेव्हा दोघांनी एकदमच श्वास सोडला. संध्याकाळी भोर. पंतसचिवांच्या संस्थानाची ही राजधानी, तिचा राजवाडा अजून उभा आहे आणि गावाला संस्थानी ऐट अजून थोडी चिकटून आहे. रात्री स्टँडजवळच्या लॉजवर झोपलो.

तिसऱ्या दिवशी खरा मुक्काम होता : वेळवंड खोरं.

भोरजवळच भाटघरचं धरण वेळवंडीला अडवतं. आज दिसते ती मोठी भिंत १९२८ची. इंग्रजांनी तिला लॉइड धरण म्हटलं. इथलं पाणी नीरेच्या डाव्या आणि उजव्या कालव्याने बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसच्या उसाला जातं. धरणाची भिंत मागे टाकली की रस्ता पाण्याच्या कडेकडेने आत शिरतो, आणि सायकलवाल्याला स्वर्ग म्हणजे काय ते कळतं. असे रस्ते एका पातळीत आखलेले असतात. डोंगराच्या प्रत्येक घडीत ते आत वळतात, ओढा ओलांडतात, पुन्हा बाहेर येतात. सरळ रेषेत चार किलोमीटरवर असलेलं गाव रस्त्याने दहा किलोमीटर होतं. मोटारवाला वैतागतो, आपण सुखावतो. चढ नाही, उतार नाही, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला पाणी.

पण अशा रस्त्यांची एक गोष्ट मला उशिरा समजली. पूर्वीचा रस्ता खालून, नदीच्या काठाने, गावातून गावात जायचा. सरळ होता. धरण झालं तेव्हा तो रस्ता, काठची काळी जमीन आणि गावंही पाण्यात गेली. कुणी वर सरकलं, कुणी मुलूख सोडून गेलं. मग जे उरले त्यांच्यासाठी वरून हा लांबचा, वळणावळणांचा रस्ता झाला. पुण्याभोवती मला ठाऊक असलेले निम्मे शांत रस्ते असेच कुठल्या ना कुठल्या धरणामागे आहेत. मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांनी मावळ्यांना घेऊन सत्याग्रह केला. तो हरला, धरण झालं. आज त्या पाण्याच्या काठाने फिरताना आपण ‘वा!’ म्हणतो. ते ‘वा!’ म्हणायला जागा कुणी रिकामी करून दिली, हे पाण्याकडे पाहून कळत नाही.

सकाळी सातच्या सुमाराला एका वाडीच्या थांब्यावर उंबराखाली एक गृहस्थ बसलेले दिसले. पन्नाशीचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर नायलॉनची पिशवी. आम्ही हात केला. त्यांनीही हात केला, पण आमच्याकडे न बघता आमच्या मागे रस्त्याकडे बघत.

पुढे भाच्याच्या मोबाइलवरच्या नकाशाने एक जवळची वाट दाखवली. ठळक रेघ, सरळ पलीकडच्या वस्तीला. मला ती वाट ओळखीची नव्हती, पण आकड्यांच्या माणसाशी किती वाद घालायचा? आम्ही उतरलो. डांबर संपलं, खडी लागली, मग दगडी बांधणीचा जुना रस्ता. मोऱ्या अजून शाबूत. दोन्ही बाजूंना सुकून तडकलेला गाळ, गाळात अर्धवट गाडलेले बांध, एका विहिरीचं तोंड. आणि मग तो रस्ता तसाच, कसलीही पाटी न लावता, जलाशयात शिरला. पाण्याखालीही थोडा वेळ दिसत होता, हिरवट, आत उतरत जाणारा.

भाचा पाण्याच्या कडेला सायकल धरून उभा राहिला. “नकाशात पूर्ण आहे,” तो म्हणाला.

“होता,” मी म्हणालो.

तिथून मागे फिरलो आणि वरच्या रस्त्याने कांबऱ्याला गेलो. कांबरेश्वराचं देऊळ वर्षातले बहुतेक महिने भाटघरच्या पाण्याखाली असतं. उन्हाळ्याच्या अखेरीला पाणी उतरलं की ते वर येतं. चिखलाची कड चुकवत आम्ही देवळापर्यंत गेलो. दगडी भिंती पाण्याने गुळगुळीत केलेल्या, वरच्या शिखराचं विटा-चुन्याचं काम जागोजागी ढासळलेलं. आत गारवा, ओल आणि शिंपल्यांचा खच. कुणीतरी त्या दिवशीच फूल वाहिलेलं होतं. वर्षभर पाण्यात राहून महिनाभरासाठी बाहेर येणाऱ्या देवालाही माणसं विसरलेली नव्हती. गावाला दर वर्षी थोडे दिवस आपलं जुनं गाव दिसतं, आणि पाऊस आला की पुन्हा जातं.

परत फिरलो तेव्हा साडेदहा वाजले होते. ऊन डोक्यावर आलं होतं. उंबराखाली ते गृहस्थ तसेच बसलेले. आम्ही पाणी भरायला थांबलो.

“मागं कुठली गाडी दिसली का, भोरकडं येणारी?” त्यांनी विचारलं.

“एकसुद्धा नाही, काका!” भाचा आनंदाने म्हणाला. त्याने डायरी काढून दाखवली. “सकाळी येताना मी तासभर मोजल्या. फक्त तीन! एवढा शांत रस्ता आम्हाला कुठे मिळाला नाही.”

“तीन,” ते म्हणाले. “एक दुधाची. एक वाळूचा ट्रॅक्टर. एक बंगल्यावाल्यांची पांढरी गाडी. तिन्ही आत येणाऱ्या. बाहेर जाणारी एक नाय.”

भाच्याने डायरीकडे पाहिलं. त्याने फक्त आकडा लिहिला होता. या माणसाला गाड्या ठाऊक होत्या. दोघांनी एकाच सकाळी एकाच रस्त्यावर एकच मोजणी केली होती.

त्यांच्या आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या. रात्री तिला चक्कर आली, त्या गडबडीत पहाटेची मुक्कामी गाडी चुकली. सहाला गेली ती गेली. आता संध्याकाळी येणार आणि उद्या सकाळी निघणार. मोटारसायकल होती, ती मुलगा पुण्याला घेऊन गेला होता. एखादी जीप मिळेल म्हणून सकाळपासून बसले होते. हे सगळं त्यांनी तक्रारीने सांगितलं नाही. हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं.

“द्या चिठ्ठी,” भाचा म्हणाला.

त्यांनी पिशवीतून डॉक्टरांची चिठ्ठी, गोळ्यांची रिकामी पट्टी आणि घडी केलेल्या दोन शंभराच्या नोटा काढल्या. “संध्याकाळच्या मुक्कामीच्या ड्रायव्हरकडं द्या. वाडीचं नाव सांगा, बास. तो उतरवतो.” मग जरा थांबून म्हणाले, “जमंल का पण? सायकलवर?”

भाचा निघून गेला होता. पहिल्या वळणाच्या आत दिसेनासा झाला. त्या दिवशी मला पहिल्यांदाच त्याच्या कार्बनच्या सायकलीचा हेवा वाटला नाही, अभिमान वाटला. मी मागून माझ्या गतीने निघालो. प्रत्येक घडीत आत वळणारा, ओढा ओलांडून बाहेर येणारा तोच रस्ता. सकाळी त्याची लांबी मला हवीहवीशी वाटली होती. आता मी प्रत्येक वळणावर मनात धरणाची भिंत शोधत होतो. चार किलोमीटरचं दहा किलोमीटर का झालं, हे पायांना नीट समजलं.

मी भोरला पोहोचलो तेव्हा तो औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसून उसाचा रस पीत होता. गोळ्या मिळाल्या होत्या. उरलेले पैसे त्याने कागदात गुंडाळून रबर लावून पुडीतच ठेवले होते, वर ठळक अक्षरांत वाडीचं नाव आणि काकांचं नाव. “तीन महिन्यांच्या घेतल्या,” तो म्हणाला. जास्तीच्या गोळ्यांचे पैसे कुणी घातले, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी स्टँडवर गाडी लागली. तोवर शाळेच्या सुट्टीतली पोरं, बाजाराच्या पिशव्या आणि एक कोंबडी आत बसली होती. ड्रायव्हरला पुडी दिली. त्याने नाव वाचलं, मान हलवली आणि काचेखालच्या फळीवर ठेवली. तिथे आधीच एक जेवणाचा डबा, दुरुस्त करून आणलेला चपलांचा जोड आणि लग्नपत्रिकांचा एक गठ्ठा होता. प्रत्येकावर एकेका वाडीचं नाव.

गाडी स्टँडबाहेर पडून भाटघरच्या दिशेने वळली. भाच्याने डायरी काढली. ‘वेळवंड खोरं : ३’ या ओळीखाली त्याने खिडकीवर विचारून आणलेल्या वेळा लिहिल्या. भोरहून मुक्कामी कधी सुटते, वाडीवरून सकाळी कधी निघते. मग मागे जाऊन बाकीच्या रस्त्यांची पानं पाहिली. पाबे, केळद. तिथे नुसते आकडे होते.

“मामा,” तो म्हणाला, “ह्यांच्या गाड्यांच्या वेळा विचारायच्या राहिल्या.”